शाळेचे निर्लेखित संगणक शेवटी जातात कुठे? ई-कचरा, आरोग्य आणि ओढ्याकाठच्या काचा

वर्गखोली (धागालेखिका):

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात आमच्या निर्लेखन (निरुपयोगी वस्तू नोंदीतून कमी करण्याच्या) समितीपुढे संगणक कक्षातील १८ संगणक, ४ यूपीएस, २ प्रिंटर आणि बंद पडलेला एक प्रोजेक्टर अशी यादी आली. रीतीप्रमाणे तीन दरपत्रके मागवली गेली आणि किलोमागे सर्वांत जास्त दर देणाऱ्या भंगार व्यापाऱ्याला माल द्यावा, असा ठराव लिहून तयार झाला. त्यावर सही करण्यापूर्वी मी पंधरा दिवसांची मुदत मागितली आहे. ती का मागितली, हे सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही जुन्या पिक्चर ट्यूबचे मॉनिटर याच पद्धतीने विकले होते. त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत गावाबाहेरच्या ओढ्याकडून येताना मला झाडाखाली पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा मॉनिटर फोडताना दिसला. मागचे प्लास्टिक काढून तो ट्यूबच्या निमुळत्या मानेवर हातोडीचा बेताचा ठोका मारी, आत हवा शिरल्याचा फुस्स असा आवाज होई, आणि मग तो मानेभोवतीचे तांब्याच्या तारेचे वेटोळे ओढून काढी. वेटोळे पोत्यात जाई आणि काच ओढ्याच्या उतारावर. थोड्या अंतरावर तीन दगडांवर लोखंडी तवा ठेवून दुसरा एकजण हिरव्या सर्किट बोर्डाची पाठ शेकत होता. कथिल वितळले की तो पकडीने बोर्ड उचलून दगडावर आपटी आणि सुटे भाग टपटप खाली पडत. तो करपट, डोळ्यांत पाणी आणणारा वास मला आजही आठवतो. बाजूला पडलेल्या एका प्लास्टिकच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला आकडा मी ओळखला, कारण तो आमच्या जडवस्तू संग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीतला क्रमांक होता आणि तो माझ्याच हाताने रंगवलेला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण (रिसायकलिंग) झाल्याची नोंद आहे. चीन आणि अमेरिकेखालोखाल आपल्या देशाचा क्रमांक लागतो. हे आकडे मी दहावीच्या वर्गात सांगत आले आहे. पण आमच्याच शाळेचा माल उरलेल्या ७७ टक्क्यांत गेला, हे मुलांना कसे सांगावे ते मला कळत नाही. या विषयातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे: या वस्तूंपासून नेमका धोका कशाचा, कायद्याने आमच्यासारख्या लहान शाळेवर काय बंधन आहे, आणि तालुक्याच्या गावातून हा माल योग्य ठिकाणी पोहोचवायचा तरी कसा?

---

अम्ल_अल्कली:

बाई, मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो, आता निवृत्त आहे. आपण पाहिलेल्या दोन कृतींपैकी लोकांना तव्याची भीती वाटते आणि काचेची वाटत नाही, म्हणून काचेपासून सुरुवात करतो. पिक्चर ट्यूबचा मागचा नरसाळ्यासारखा भाग क्ष-किरण अडवण्यासाठी शिसेयुक्त काचेचा केलेला असतो आणि त्या काचेत वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके शिशाचे ऑक्साइड असते. अखंड ट्यूबमधून ते बाहेर येत नाही. परंतु काच फुटून तिचा चुरा झाला, त्यावरून वर्षानुवर्षे पाणी वाहिले, शेजारी आम्ल सांडले किंवा कचरा कुजून पाणी आम्लधर्मी झाले, की शिसे हळूहळू माती-पाण्यात उतरू लागते.

आता तव्याकडे येऊ. जुन्या बोर्डांवरचे डाख म्हणजे कथिल आणि शिशाचा मिश्रधातू, आणि तो १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. त्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही, म्हणून काही जण हे काम निर्धोक समजतात, आणि तिथेच फसगत होते. उघड्या जाळावर तापमान कोणाच्याच हातात नसते. शिवाय खरे विष शरीरात जाते ते मुख्यतः धुळीतून. बोर्ड आपटला की डाखाचे बारीक कण उडतात, हातांवर, कपड्यांवर, केसांत बसतात, आणि त्याच हातांनी माणूस भाकरी मोडतो, घरी जाऊन लेकराला उचलून घेतो. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर जेवढे शोषते, त्याच्या चार ते पाच पट लहान मूल शोषून घेते. शिसे कॅल्शियमची नक्कल करते, म्हणून ते हाडांत जाऊन बसते, तेथे वर्षानुवर्षे राहते, आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोहोचते. मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून येत नाही. ज्याखाली धोका नाही अशी शिशाची कोणतीही मात्रा आजवर सापडलेली नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा चीनमधील ग्वीयू या गावाचा आहे, जेथे घराघरांत ई-कचरा फोडण्याचा व्यवसाय चाले. शांतौ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील सहा वर्षांपर्यंतच्या १६५ मुलांचे रक्त तपासले होते. शिशाचे सरासरी प्रमाण दर डेसिलिटरला १५.३ मायक्रोग्रॅम निघाले, आणि दहा मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असलेली मुले जवळपास ८२ टक्के होती. असा व्यवसाय नसलेल्या शेजारच्या गावातही सरासरी ९.९४ निघाली, ही बाब मला अधिक अस्वस्थ करते. आज जागतिक आरोग्य संघटना पाच मायक्रोग्रॅमला उपाययोजना सुरू करण्यास सांगते.

वायरींच्या जाळण्याबद्दल आपण लिहिलेले नाही, पण ते होतच असणार. वायरीवरचे आवरण पीव्हीसीचे असते, त्यात क्लोरीन असते, आणि अर्धवट ज्वलनात आतले तांबे उत्प्रेरकाचे काम करून डायऑक्सिन नावाची अत्यंत चिवट विषे तयार करते. ती राखेतून मातीत, मातीतून किड्यांत आणि किड्यांतून कोंबडीच्या अंड्यात जातात. घानाची राजधानी आक्रा येथील अग्बोग्ब्लोशी भंगार बाजारात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी २०१९ साली तपासली गेली, तेव्हा तेथील एकच अंडे खाल्ले तरी युरोपीय अन्न सुरक्षा यंत्रणेने ठरवलेली डायऑक्सिनची दैनिक मर्यादा २२० पटींनी ओलांडली जाईल, असे आढळले. आपल्या ओढ्याकाठी कोंबड्या चरतात का, हे कृपया पाहावे.

---

माजघर:

अम्ल_अल्कली सर, एक शंका आहे. आमच्या घरी जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि दोन बंद मोबाइल कपाटात आहेत, आणि घरात दोन वर्षांची नात आहे. ते नुसते ठेवल्याने काही अपाय होतो का?

---

अम्ल_अल्कली:

ताई, अखंड टीव्हीपासून नातीला काहीही धोका नाही. धोका तो फोडण्यात, जाळण्यात आणि आम्लात बुडवण्यात आहे. मोबाइलची बॅटरी मात्र पाहून घ्या. पाठ फुगलेली किंवा पडदा उचललेला दिसला, तर तो फोन दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, डबा मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि लवकरात लवकर संकलन केंद्रावर द्या.

---

भंगारगाळा:

हा धागा वाचून लिहावे की न लिहावे, असा दोन दिवस विचार केला. माझ्या वडिलांनी तीस वर्षे भंगाराचा धंदा केला, आधी सायकलवर फेरी आणि नंतर स्वतःचा गाळा. बाईंनी पाहिलेला मुलगा मी नव्हतो, पण मी असू शकलो असतो. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी आम्ही गाळ्यामागे वायरींचे भेंडोळे पेटवायचो आणि शेकतही बसायचो. आईचा घसा बारा महिने बसलेला असे आणि त्याचा संबंध आम्ही कधी धुराशी लावलाच नाही.

आपला माल कुठे जातो, ते सांगतो. फेरीवाला गाळ्यावर आणतो, गाळेवाला लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम, प्लास्टिक आणि बोर्ड वेगळे करतो. बोर्डांची पुन्हा प्रतवारी होते. मोबाइलचे आणि संगणकाचे बोर्ड महाग, टीव्ही-रेडिओचे स्वस्त. तालुक्याचा माल मोठ्या शहरातील ठोक व्यापाऱ्याकडे जातो, मुंबईत कुर्ला, साकीनाका ही त्याची जुनी ठिकाणे, आणि पुढे बराचसा माल दिल्लीच्या सीलमपूरला आणि तेथून उत्तर प्रदेशातील मुरादाबादला पोहोचत असे. मुरादाबादला बोर्ड जाळून, दळून, आम्लात धुऊन तांबे आणि सोने काढत आणि उरलेली काळी राख रामगंगा नदीच्या काठावर टाकत. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१५ साली तेथील माती-पाण्याचे नमुने तपासून त्यांत जड धातू असल्याचे दाखवून दिले.

मला कळकळीने सांगायचे आहे ते दराबद्दल. समितीपुढे आलेल्या तीन दरपत्रकांत सर्वांत जास्त दर कोणाला परवडतो? ज्याला धुराडे नको, हातमोजे नकोत, आम्लाचे पाणी शुद्ध करून सोडण्याचा खर्च नको, आणि न विकली जाणारी काच ओढ्यात टाकता येते, त्यालाच. जो कारखाना हे सगळे खर्च करतो, त्याला तेवढा दर देणे जमणारच नाही. तेव्हा सर्वाधिक दराचा निकष लावलात, की माल तव्यावरच जाणार हे तुम्ही कागदावर ठरवून टाकलेले असते. ठराव लिहिणाऱ्यांना हे माहीत नसते, आणि तवा पेटवणाऱ्याला दुसरा धंदा माहीत नसतो.

आमच्या लोकांना चोर किंवा अडाणी म्हणू नका, एवढी विनंती आहे. दारापर्यंत येणारा, रोख पैसे देणारा आणि सुटा स्क्रूसुद्धा वाया न घालवणारा माणूस तोच आहे. मी आता गाळ्यावर बोर्ड शेकू देत नाही, वायरी जाळू देत नाही. तारेचे आवरण सोलण्याचे हाताने फिरवायचे साधे यंत्र घेतले आहे, आणि त्यातून निघणाऱ्या लखलखीत तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा चांगला भाव मिळतो. बोर्ड अखंड साठवून नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याला देतो. अडचण एवढीच, की चार-पाच पोत्यांसाठी त्यांची गाडी येत नाही, आणि माल साठेपर्यंत माझे पैसे अडकून पडतात.

---

नियमवाचक:

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली आले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. सध्या २ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेले नियम आहेत. हे नियम लागू असलेल्या वस्तूंची संख्या आता १०६ झाली आहे. उत्पादकाने विकलेल्या मालाच्या प्रमाणात जुन्या मालाचे पुनर्चक्रीकरण करवून घ्यायचे, हा त्यांचा कणा आहे. २०२३-२४ साठी ते प्रमाण ६० टक्के होते आणि २०२७-२८ पर्यंत ते ८० टक्क्यांवर जायचे आहे. उत्पादक हे बंधन नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन पूर्ण करतो.

बाईंच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला बदल मात्र फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही. २०१६ च्या नियमांत ‘मोठा ग्राहक’ या व्याख्येत शासकीय विभाग, बँका आणि शैक्षणिक संस्था यांचा नावाने उल्लेख होता. २०२२ च्या नियमांत वर्षात कधीही किमान १,००० उपकरणे वापरात असलेली संस्था, अशी ती व्याख्या झाली. म्हणजे १८ संगणकांची शाळा, तालुक्याची पतसंस्था, ग्रामपंचायत, लहान दवाखाना हे सारे आता त्या बंधनाबाहेर आहेत. ई-कचरा नोंदणीकृत व्यक्तीलाच देण्याची सक्ती मोठ्या ग्राहकावर आहे, आणि महाराष्ट्रात अशा हजारो लहान संस्थांचे संगणक आता एकाच सुमारास जुने होत आहेत. माझ्या मते ही या नियमांतील सर्वांत मोठी फट आहे.

दुसरी उणीव अशी, की प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंच्या हिशोबावर मिळतात. ओढ्याकाठच्या शिसेयुक्त काचेचे प्रमाणपत्र कोणालाच मिळत नाही, त्यामुळे तिच्यामागे जाण्यात कोणाचाही फायदा नाही.

यूपीएसबद्दल स्वतंत्रपणे सांगतो: त्यातील बॅटरी शिसे आणि आम्लाची असते, तिला २०२२ चेच बॅटरी कचरा नियम लागू आहेत. ती काढून विक्रेत्यामार्फत परत द्यावी, भंगारात तोलू नये. आणि नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते, तिच्याशी दरपत्रक ताडून घ्यावे.

---

थंड_हवा:

मी एसी आणि फ्रिज दुरुस्तीचे काम करतो. ई-कचरा म्हटले की लोक संगणक आणि मोबाइलवर थांबतात, म्हणून लिहितो. जुना एसी भंगारात गेला की पहिले काम तांब्याची नळी कापण्याचे होते. क्षणभर सूं असा आवाज येतो आणि सगळा गॅस हवेत जातो. जुन्या एसीत आर-२२ नावाचा गॅस असतो, तो ओझोनच्या थराला घातक आहेच, शिवाय हवा तापवण्याच्या बाबतीत एक किलो आर-२२ म्हणजे सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर गॅस असतो. तो एक सूं आवाज म्हणजे काय, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

एसी चालू स्थितीत असेल तर काढण्यापूर्वी मेकॅनिकला पंप डाऊन करायला सांगा, म्हणजे बाहेरच्या युनिटमध्ये गॅस गोळा करून व्हॉल्व्ह बंद करता येतात. पंधरा मिनिटांचे काम आहे. आम्ही लोक घाईत ते टाळतो, कारण गिऱ्हाईक विचारत नाही.

---

सोसायटी_सचिव:

आम्ही पुण्यात आमच्या सोसायटीत वर्षातून दोनदा ई-कचरा गोळा करतो. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेचे आणि पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचे काम असल्याने कचरावेचक भगिनींशी बोलून काम करण्याची सवय येथे आहे, आणि आमच्या मोहिमेत कोणती वस्तू कोणत्या पोत्यात जाईल ते त्याच ठरवतात. अनुभव असा, की रिमोट, चार्जर, मिक्सर, इस्त्री लोक आनंदाने देतात आणि मोबाइल देत नाहीत. कारण विचारले की आतील फोटोंची आणि बँकेच्या माहितीची भीती पुढे येते, आणि ती रास्त आहे. म्हणून आम्ही टेबलावर एक जाणकार मुलगा बसवतो. तो मालकासमोर फोनमधील सगळी माहिती पुसून तो मूळ स्थितीत आणून देतो आणि संगणकाच्या हार्ड डिस्कला मालकासमोरच ड्रिलने भोक पाडतो. तेव्हापासून मोबाइलची संख्या वाढली.

वर्गखोली बाई, शाळेच्या संगणकांत विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि निकाल असतील, त्यामुळे हार्ड डिस्ककडे जरूर लक्ष द्यावे. एक सूचनाही करतो: हे संगणक एखाद्या गरजू वाडीवरच्या शाळेला दान देता येणार नाहीत का?

---

वर्गखोली:

सचिव साहेब, दानाचा विचार आमच्या समितीतही झाला. १८ पैकी ५ संगणक मी आणि आमच्या माजी विद्यार्थ्याने मिळून उघडले, धूळ काढली, स्मृती (रॅम) वाढवली, आणि ते चालू झाले. ते आम्ही ग्रंथालयात ठेवत आहोत. उरलेले १३ दुरुस्त होणारे नाहीत. न चालणारी वस्तू वाडीवर पाठवली, तर फोडण्याची जागा फक्त आमच्या ओढ्यावरून त्यांच्या ओढ्यावर जाईल, म्हणून त्याला मी नकार दिला.

---

वर्गखोली:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, क्षमस्व. भंगारगाळा यांच्याशी दूरध्वनीवर बोलले आणि त्यांच्याच सल्ल्याने आम्ही परिसरातील चार शाळा, एक पतसंस्था आणि ग्रामपंचायत यांचा बंद माल एकत्र केला. एक छोटा टेम्पो भरेल एवढा माल झाल्यावर यादीतील नोंदणीकृत कंपनी गाडी पाठवायला तयार झाली. दर भंगाराच्या दरपत्रकापेक्षा बराच कमी आहे. समितीत त्यावर दीड तास चर्चा झाली, लेखापरीक्षणात आक्षेप येईल ही मुख्याध्यापकांची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. शेवटी ठरावातच असे लिहिले, की सर्वाधिक दराचा निकष केवळ नोंदणीकृत खरेदीदारांच्या दरपत्रकांना लावण्यात आला आहे. या वाक्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. इतर शाळांना उपयोगी पडेल म्हणून ते येथे देत आहे. माल उचलताना वजनाची पावती घेतली, पुढे प्रक्रियेचे प्रमाणपत्र आले की ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत चिकटवायचे आहे. यूपीएसच्या बॅटऱ्या विक्रेत्याने परत घेतल्या.

अम्ल_अल्कली सर, आपण विचारल्याप्रमाणे ओढ्यावर जाऊन आले. कोंबड्या चरतात. आसपासच्या तीन घरांच्या आहेत. त्या घरांत जाऊन बोलले आणि त्यांनी खुराडे वरच्या अंगाला हलवले आहे. उतारावरच्या काचा अजून तशाच आहेत, काही मातीत अर्ध्या गाडल्या गेल्या आहेत. त्या गोळा करून कुठे द्याव्यात?

---

अम्ल_अल्कली:

त्या काचा गावच्या उकिरड्यावर किंवा भरावात टाकू नयेत. त्यांना धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच जागा आहे. आपल्या राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. ग्रामपंचायतीच्या पत्राने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातील कार्यालयाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. गोळा करताना जाड हातमोजे, तोंडाला मास्क, पायांत बूट हवेत, माती आधी ओली करून घ्यावी म्हणजे धूळ उडणार नाही, आणि मुलांना या कामाला लावू नये. काचांखालची वीतभर मातीही वेगळ्या पोत्यात भरावी.

---

वर्गखोली:

रविवारी आम्ही सहा जण गेलो होतो. भंगारगाळा साठ किलोमीटरवरून स्वतःचे हातमोजे आणि जाड पोती घेऊन आले. सकाळी सातपासून दुपारपर्यंत ११ पोती काच आणि ४ पोती माती निघाली. पोती ग्रामपंचायतीच्या गोदामात सिमेंटच्या जमिनीवर, कुलपात ठेवली आहेत. मंडळाला पत्र दिले आहे आणि पोच मिळाली आहे. काचांमध्ये आमच्या क्रमांकाचे प्लास्टिकचे आणखी दोन तुकडे सापडले, ते मी शाळेत आणले आहेत.